कुरुंद्यातलं महिन्याचं घर

नवरा निवृत्त झाला, सहा महिन्यांनी मीही शाळेतून मोकळी झाले, तेव्हापासून वर्षातले चार-पाच महिने आम्ही दुसऱ्यांच्या घरात राहतो. हॉटेलात नाही आणि सहलीच्या बसबरोबरही नाही. एखादं गाव ठरवायचं, तिथं महिन्याभरासाठी कुणाचं तरी रिकामं घर भाड्यानं घ्यायचं आणि तिथलेच असल्यासारखं राहायचं. सकाळी दूध आणायचं, भाजी निवडायची, संध्याकाळी पाय मोकळे करून यायचे. बघण्यासारखं काही असलं तर बघायचं, नसलं तरी आमचं काही अडत नाही.

सामान आता ठरून गेलंय. दोन बॅगा, तीन लिटरचा कुकर, दोन चादरी, चहाची गाळणी आणि एक चांगली सुरी, कारण भाड्याच्या घरातली सुरी टोमॅटोसुद्धा धड कापत नाही हा आमचा सगळीकडचा अनुभव. नव्या घरात शिरल्यावर नवरा आधी नळ सोडून बघतो. पाणी कधी येतं, टाकी कुठं आहे, कचरा कुणाकडे द्यायचा, हे त्याचं खातं. मी ओट्याशी उभी राहून हात कुठवर पोचतो ते बघते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी न बघता दिव्याचं बटण सापडायला लागलं की घर अंगवळणी पडलं असं आम्ही समजतो.

असंच एकदा कर्नाटकात, समुद्रापासून थोडं आत असलेल्या एका गावात राहत होतो. तिथली घरमालकीण माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलायची. एका दुपारी तिनं विचारलं, तुमच्या गावाकडे काय असतं? मी पुण्याचं सांगायला लागले. ती म्हणाली, पुणं नव्हे, तुमचं गाव. मी हिंगोली म्हटलं. तूर असते म्हटलं, सोयाबीन, हळद असते. औंढ्याचं देऊळ आहे. ती पुढचं ऐकायला थांबली होती आणि मला पुढचं काही येईना.

माझा जन्म हिंगोलीचा. वडील तिथं कोर्टात कारकून होते. आमचं स्वतःचं घर कधी नव्हतं. वेगवेगळ्या गल्ल्यांमधल्या दोन-दोन खोल्यांत मी वाढले. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन निघाले ती निघालेच. आई-वडील गेल्यावर तर लग्नकार्य किंवा कुणाचं बरं-वाईट एवढ्यापुरतंच जाणं उरलं. सकाळी पोचायचं, दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत बसायचं. उतरायचं ते शिरड शहापूरला, चुलतभावाकडे. वडिलांचं मूळ गाव ते. शेतीवाडी त्याच्याकडे, आणि माहेर म्हणून जे काही उरलं होतं तेही त्याच्याकडेच. मी त्याला दादा म्हणते. त्याच्या घरी मी आजवर पन्नास वेळा गेले असेन, पण सलग तीन दिवस कधी राहिले नव्हते.

तिनं विचारलं त्या रात्री नाही, पण पुढच्या दोन-तीन दिवसांत मी नवऱ्याला म्हटलं, "पुढच्या खेपेला हिंगोली."

तो म्हणाला, "तुझ्या दादाकडे?"

"नाही. नेहमीसारखं. घर घेऊन."

फोनवर शोधलं तर नकाशाचा तो भाग कोराच होता. आमच्या जिल्ह्यात महिनाभर राहायला कुणी येत असेल असं कुणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं. शेवटी माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीच्या ओळखीनं कुरुंद्याचं घर कळलं. खाली मालक राहतात, वरचा मजला मुलासाठी बांधलेला, मुलगा हैदराबादला नोकरीला, त्यामुळे वरती कधी बँकेतले, कधी शाळेतले भाडेकरू असायचे. सध्या रिकामं होतं. मी फोन केला. मालकीणबाई उचलायला धावत आल्या असाव्यात, दम लागलेला होता.

"बदली झाली का साहेबांची?" त्यांनी विचारलं.

"नाही, आम्ही दोघंही निवृत्त आहोत."

"मंग दवाखान्याचं काही हाय का? कोणाची ट्रीटमेंट?"

"नाही हो. राहायला येतोय. महिना-दीड महिना."

मग म्हणाल्या, "या. तुमची काही तकलीफ असंल ती इथं आल्यावर सांगा."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आम्ही पोचलो. हळदीचे दिवस होते. काढणी जोरात होती, आणि मालकांच्या मागच्या वावरात हळद शिजवायचा मोठा कुकर उभा होता, त्याच्या टाक्यांतून दिवसभर वाफ निघायची. त्या वाफेला ओल्या मातीचा, थोडा कडवट असा वास असतो. पहिल्या दिवशी तो नाकात बसतो आणि मग येईनासा होतो. ताडपत्र्यांवर शिजलेली हळद वाळत पडलेली. माणसांच्या टाचा पिवळ्या, दाराच्या कड्या पिवळ्या. वरच्या गॅलरीतून हे सगळं दिसायचं. नवऱ्यानं तिथं दोन खुर्च्या नेऊन टाकल्या आणि हीच जागा आपली असं ठरवून टाकलं.

मालकीणबाई पंचेचाळिशीच्या, काटक, मला काकू म्हणायच्या आणि नवऱ्याला काका. दोन दिवस त्यांनी आमच्याकडे लक्ष ठेवलं. आम्ही फक्त स्वयंपाक करतो, फिरतो आणि वाचत बसतो हे बघून त्यांची काळजी वाढली असावी. गावात तर आमच्याबद्दल वेगवेगळ्या बातम्या होत्या. आम्ही रस्त्याच्या मोजणीसाठी आलोय असं काहींचं म्हणणं, काहींच्या मते आम्ही जमीन घ्यायला आलो होतो. पारावर बसलेल्या दोघा-तिघांनी नवऱ्याला सरळच विचारलं.

"साहेब, काय काम काढलं?"

"काम नाही. राहायला आलोय."

"ते बराबर हाय. पण काम काय?"

नवरा घरी येऊन मला म्हणाला, "उद्यापासून वही घेऊन जातो. त्यांना बरं वाटेल."

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. शिरड शहापूर तिथून जवळ. मोटारसायकलवर अर्धा तास फार झाला. आणि मी दादाला कळवलं नव्हतं. आधी घर लागू दे, मग सांगू, असं म्हणत मी रोज फोन पुढे ढकलत होते. खरं कारण मला माहीत होतं. दादाच्या घरापासून एवढ्या जवळ येऊन मी भाड्यानं घर घेतलंय, हे वाक्य त्याच्याशी बोलायची माझी हिंमत होत नव्हती.

ते मला बोलावंच लागलं नाही. आठवडी बाजारात मी वांगी घेत होते, तिथं शिरडच्या एका बाईनं मला ओळखलं. ती नुसती माझ्या पिशवीकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला खाली मोटारसायकल थांबली आणि दादा जिना चढून वर आला.

तो आत आला, खुर्चीच्या कडेवर बसला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यानं हात लावला नाही. खोली बघितली, ओट्यावरचा आमचा छोटा कुकर बघितला, भिंतीच्या कडेनं ठेवलेल्या बॅगा बघितल्या.

"किती दिवस झाले?"

"आठ."

"आठ दिवस," तो म्हणाला. "बाई, माझ्या घरी काय कमी पडलं होतं तुला?"

"काही नाही रे दादा."

"मंग काहून? गावात लोक मला इचारून राहिले. जावईबापू भाड्याच्या खोलीत उतरलेत म्हणतात. चुलत्याच्या लेकीला भावानं दार दाखवलं म्हणतात. मी काय सांगू त्यांना?"

नवरा काही बोलायला गेला, पण दादानं त्याला हात जोडले. "तुमच्यावर राग न्हाई जावईबापू. तुमी पाहुणे. मी माझ्या बहिणीशी बोलून राहिलो."

मी समजावायला लागले की आम्ही सगळीकडे असंच राहतो, कुणाच्या घरात काही उणं असतं म्हणून नव्हे. पण बोलता बोलता मलाच ते पटेनासं झालं. कर्नाटकात माझं कुणी नव्हतं. इथं होतं. दादानं सगळं ऐकून घेतलं आणि उठला. चहा गॅसवर उकळत होता, तो न घेता गेला. माझ्या वडिलांचा भाचे-पुतण्यांवर फार जीव होता, आणि त्यांतही या पुतण्यावर जास्त. तो माझ्या घरून, भाड्याच्या का असेना, चहा न घेता गेला हे मला लागलं. मी तो सगळा चहा मोरीत ओतला.

दुपारी नवरा म्हणाला, "आपण सामान बांधून त्याच्याकडे जायचं का? तुला तसं वाटत असेल तर जाऊ."

मी विचार केला. मग म्हटलं, "जाऊ. पण सामान न घेता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिरडला गेलो. दादाच्या घरी तो, वहिनी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडं. आम्ही पोचलो तर स्वयंपाकघरात धावपळ सुरूच झालेली. वहिनी माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी. लग्न होऊन या घरात आली तेव्हा अठराची होती. तिला मी नेहमी उभीच बघितलंय. चुलीपाशी, मग गॅसपाशी, नाहीतर वाढताना. बसलेली आठवायची म्हटलं तर एखाद्या फोटोतच.

जेवणं झाली. येसराची आमटी, भाकरी, ठेचा, वर तुपातला शिरा. मग मीच म्हटलं, "दादा, मी का इथं उतरले नाही ते सांगते. तुला पटलं नाही तर नको पटू दे."

मी बोलत गेले. म्हटलं, मी इथं आले की वहिनी पाचला उठते. सून कामावरून सुट्टी घेते. रोज गोड होतं. कुणी मला ताट उचलू देत नाही. दुसऱ्या दिवशी मलाच लाज वाटायला लागते आणि तिसऱ्या दिवशी मी गाडी पकडते. चाळीस वर्षं असंच चाललंय. मला इथं महिनाभर राहायचं होतं. इथल्या बाजारात माझी मी भाजी घ्यायची होती. कुणाला त्रास न देता, कुणाची पाहुणी न होता. तुझ्या घरी राहून ते कसं जमलं असतं, तूच सांग.

दादा म्हणाला, "तरास कसला? घरचं माणूस आल्यावर तरास असतो का?"

स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी बोलली. ती कधीपासून तिथं उभी होती मला कळलं नव्हतं.

"असतो," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं पदरानं हात पुसले.

"ताई बराबर बोलून राहिल्यात. माणूस आलं की आनंद होतो. पण कंबर काही आनंद बघत न्हाई." मग तिनं मला विचारलं, "ताई, तुमच्या तिथल्या घरी मला येता येईल का? चार दिवस?"

"तिथं कशाला?" दादा म्हणाला.

"पाहुणी म्हणून," वहिनी म्हणाली.

सून हसायला लागली होती, पण वहिनीचा चेहरा बघून थांबली. मग तीच सासूला म्हणाली, "जा आत्या. मी हाय ना घरी." दादानं पुढचा मागचा विचार करायच्या आत सुनेनं पिशवी काढूनसुद्धा दिली. वहिनी आमच्याबरोबरच निघाली. रिक्षात बसल्यावर तिनं दोनदा मागं वळून बघितलं, नंतर नाही.

चार दिवसांसाठी आलेली वहिनी अकरा दिवस राहिली.

पहिल्या सकाळी पाचला उठून ती ओट्यापाशी उभी. मी आवाजानं जागी झाले. काय करायचं विचारत होती. मी म्हटलं काही नाही, आम्ही साडेसहाला उठतो. ती परत जाऊन गादीवर बसून राहिली, भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून, एखाद्या ऑफिसात नंबराची वाट बघत बसावं तशी. नवऱ्यानं चहा करून तिच्यापुढे कप धरला तर ती उभीच राहिली. पुरुषमाणसानं केलेला चहा बसून कसा घ्यायचा हे तिला कळेना. नवरा शहाणा. तो कप खाली ठेवून गॅलरीत निघून गेला. वहिनीनं कप उचलला, वास घेतला, एक घोट घेतला.

"साखर कमी हाय," ती हळूच मला म्हणाली.

"त्यांना सांगा."

"मी? भाऊजींना?"

"मग कोणाला?"

त्या दिवशी तिनं सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगितलं. नवऱ्यानं डबा आणून पुढे ठेवला, आणि त्यानंतर दोघांच्यात रोज त्या साखरेवरून बोलणं व्हायला लागलं.

दुसरा दिवस तिला फार जड गेला. तिनं सगळी भांडी परत घासली. माझी सुरी कुठल्या डब्यात ठेवायची यावर विचार केला. खिडक्या पुसल्या. तीनदा घरी फोन केला. नातवाचा डबा, गोठ्यातली म्हैस, औषधाची गोळी. घरचं सगळं सुरळीत चाललंय हे ऐकून तिला बरं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. संध्याकाळी म्हणाली, "ताई, माझ्यावाचून काहीच अडलं न्हाई की."

ते तिचं तिलाच पचवायचं होतं.

चौथ्या दिवशी मी बाजारातून आले तर वहिनी गॅलरीत माझ्या खुर्चीत बसली होती. पाय समोरच्या कठड्याला लावले होते. मला बघून तिनं पाय खाली घेतले, मग माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा वर ठेवले. मी आत जाऊन भाजी ठेवली आणि आतल्या आत इतकी खूष झाले की उगाच कोथिंबीर निवडत बसले.

तिथंच बसून तिनं मला सांगितलं की लग्नाआधी माहेर, लग्नानंतर सासर, आणि मधे एकदा सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी नांदेडचा दवाखाना, याशिवाय ती आयुष्यात कुठं झोपलेली नाही. लग्नकार्याला गेली तरी काम हातातच असायचं. "इथं मला कोणी काहीच सांगून न्हाई राहिलं," ती म्हणाली. "पहिले दोन दिवस असं वाटलं का मी कोणाला नकोच हाय. आता बरं वाटून राहिलं."

खाली हळदीचं काम चाललेलंच होतं. एका सकाळी मालकीणबाई आणि त्यांचा नवरा यांच्यात वाद झाला. टाकी उघडायची की अजून वाफ द्यायची यावर. वहिनीनं वरून बघितलं, चपला घातल्या आणि खाली गेली. एक गड्डा काढून घेतला, बोटानं दाबला, झाडूची काडी टोचून बघितली. "अजून थोडी," म्हणाली. मालकांनी वर माझ्याकडे बघितलं, ही कोण म्हणून. पण ऐकलं. पुढच्या वेळी काडी आरपार गेली, आणि त्या दिवसापासून मालकीणबाई रोज सकाळी वर बघून हाक मारायच्या, "मावशी, येता का जरा?" वहिनी जायची. तास-दीड तास तिथं असायची, पिवळ्या हातांनी परत यायची. मी म्हटलं, इथंही काम लावून घेतलंत. ती म्हणाली, "ते येगळं. मला वाटलं तवा जाते. उद्या न्हाई गेले तर कोणी इचारणार हाय का?" आणि खरंच एक दिवस ती गेली नाही. हाक आली तर गॅलरीतून हात हलवून नको म्हणाली आणि माझ्याबरोबर जवळच्या टोकाईदेवीच्या गडावर आली. चढताना दोनदा बसलो. वर वारा चांगला होता. खालची वावरं, मधेमधे पिवळे तुकडे वाळवणाचे. तिनं देवीला नमस्कार केला, ओटी भरली, आणि मग आम्ही सावलीत बसून घरून नेलेले धपाटे दह्याबरोबर खाल्ले. आम्ही दोघी वहिनी-नणंद म्हणून चाळीस वर्षांत जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या उतारावर बोललो. त्यातलं बरंचसं इथं लिहिण्यासारखं नाही, आणि काही तर नुसतं पायांच्या भेगांबद्दल होतं.

दादाचा फोन रोज यायचा. पहिल्या दिवशी कपाटाची किल्ली कुठंय, दुसऱ्या दिवशी बी-बियाण्याची पावती कुठंय. पुढे कारणं संपली. मग तो नुसताच विचारायचा, जेवली का. वहिनी म्हणायची, "जेवले. तुमी?" आणि दोघं काही न बोलता फोन कानाला लावून थांबायची. मला वाटतं, त्याआधी त्यांनी एकमेकांना आयुष्यात फोन केलाच नसावा. करायची गरजच पडली नाही कधी.

आठव्या दिवशी मोटारसायकल पुन्हा खाली थांबली. दादानं हरभऱ्याचे डहाळे आणले होते, ओझंभर. वर आला, खुर्चीत बसला, या वेळी पाठ टेकून. मी पाणी दिलं. तो प्यायला. वहिनी त्याच्यासमोर दुसऱ्या खुर्चीत बसलेली होती आणि ती उठली नाही. दादानं ते बघितलं.

"घरी कधी?" त्यानं विचारलं.

"येते. तीन-चार दिवसांनी."

"बरं."

नवऱ्यानं तोवर खिचडी लावली होती. पापड भाजले, ताक केलं, दादापुढे ताट आणून ठेवलं. जावयाच्या हातचं जेवायचं म्हणजे दादाची पंचाईत. त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा ताटाकडे बघितलं.

"जावईबापू, हे काही बराबर न्हाई," तो म्हणाला.

"मीठ कमी आहे का?" नवऱ्यानं विचारलं.

दादा हसला. त्या खेपेला मी त्याला पहिल्यांदा हसताना बघितलं. दोनदा वाढून घेऊन तो जेवला, मग गॅलरीत गेला आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्याला झोप लागली. चांगली तासभर. वहिनी दारातून त्याच्याकडे बघत होती. "दुपारचं कधी डोळ्याला डोळा लागत न्हाई त्यांचा," ती म्हणाली. "घरी सारखं कोणी ना कोणी येऊन बसतं."

उठल्यावर तो मला म्हणाला, "बाई, घर चांगलं हाय तुझं." मग म्हणाला, "पुढं कुठं जाणार?"

मी म्हटलं, मार्चमध्ये सेनगावकडे जावं असं मनात आहे. कोरडवाहू भाग, तिकडे मी लहानपणीही कधी गेले नाही. दादानं मान हलवली आणि गेला. आठवड्यानं त्याचा फोन आला की सेनगावकडच्या साखऱ्याला त्याच्या ओळखीतल्या एका शिक्षकाचं घर रिकामं आहे, त्यानं स्वतः जाऊन बघितलंय, पाण्याची सोय बरी आहे, मागच्या दाराची कडी ढिली होती ती बसवून घेतली. "तिथं खाट नव्हती. एक नेऊन ठेवली," तो म्हणाला. जणू हे आधीपासूनच ठरलेलं होतं.

साखऱ्याला आम्ही तीन आठवडे राहिलो. ते घर लहान, पत्र्याचं, दुपारी तापायचं. पण समोर कडुलिंबाचं मोठं झाड होतं आणि शेजारची माणसं बोलकी. हरभरा निघून गेलेला, वावरं मोकळी पडलेली, लांबवर काही आडवं येत नाही अशी. नवऱ्याला तो भाग सगळ्यात आवडला. रोज संध्याकाळी तो धुऱ्यानं, बांधाबांधानं चालत जायचा आणि ओळखी करून यायचा. मी तिथं ज्वारीची भाकरी हातावर थापायला परत शिकले. पुण्यात हात विसरला होता. वहिनी अधूनमधून दोन-दोन दिवसांसाठी यायची, एकदा नातवंडांना घेऊन. मग घरी जायची. तिला आता एवढं पुरे होतं, किंवा निदान मला तसं वाटलं होतं.

पुण्याला परतलो. पावसाळा गेला, दिवाळी झाली. सोयाबीन काढून झाल्यावर एका सकाळी वहिनीचा फोन आला. मागं वाऱ्याचा आवाज येत होता.

"ताई, आमी चिखलदऱ्याला येऊन राहिलो," ती म्हणाली. "म्हणजे आलोत. परवाच."

"कोण कोण?"

"दोघंच. आठ दिवसांसाठी घर घेतलं. एका बाईनं वरची खोली देली. सूनबाईनं फोनवर शोधून देलं."

मी विचारलं, थंडी आहे का. फार आहे म्हणाली. सकाळी धुक्यात समोरचं झाड दिसत नाही. गॅस आहे पण एक बर्नर बारीक जळतो. भांडी बरी आहेत, सुरी मात्र काही कामाची नाही, पुढच्या वेळी घरची आणणार.

"दादा कुठंय?"

"दूध आणायला गेलेत. तासभर झाला. कोणाशी तरी बोलत बसले असतील." मग आवाज थोडा खाली आणून ती म्हणाली, "इथं मी रोज सात वाजता उठून राहिले, ताई. आज साडेसात झाले."

मी म्हटलं, "काही बघितलं का तिथलं?"

"बघू," ती म्हणाली. "घाई काय हाय? आठ दिवस आहोत की." आणि बाहेर कुणीतरी दार वाजवलं म्हणून तिनं फोन ठेवला.